फरफटलेल्या उभ्या रेघा

१

निकालाचा कागद क्लबच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावला होता आणि चौथी टाचणी नेमकी उस्तादांच्या ओळीत घुसवली होती.

सूनबाईने तो तीनदा वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा काढून, आणि तिसऱ्यांदा गळ्यात लटकवलेलं भिंग डोळ्याला लावून. जणू मोठी करून पाहिली की अक्षरं जरा सभ्य होतील.

तीन पॅनोरमा कॅमेरे. एकच तिवई, एकच फिल्म, समोरच्या गोदामाची एकच लांबलचक भिंत. वकीलसाहेबांचा कॅमेरा: मध्यभागी उत्तम, कडांना मऊ आणि काळपट. मास्तरांचा: सगळीकडे सारखा, बरा. उस्तादांचा, घरी बनवलेला: सगळीकडे खराब. त्यापुढे शेरा होता, 'लेन्स निकृष्ट. जोडणी सदोष.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथून ती खाली उतरायचं नावच घेईना.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. सासरे उस्ताद, म्हणून ही सूनबाई. एक्कावन्न वर्षांची झाली, केस पिकले, स्वतःला सून यायची वेळ झाली, तरी अख्खा बाजार तिला सूनबाईच म्हणे. त्यांच्या दुकानाचे दोन भाग होते. पुढच्या भागात नवरा चष्मे विकायचा. लाकडी फळीच्या मागे सासऱ्यांचं कामाचं टेबल होतं, तिथे ती आणि उस्ताद कॅमेरे दुरुस्त करत. लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर उस्तादांनी तिला फक्त स्क्रू निवडायला दिले होते. कॉलेज म्हणाल तर तेच.

आणि हा कॅमेरा म्हणजे उस्तादांची सहा वर्षं. पॅनोरमा कॅमेरा तीन-चार साध्या फोटोंच्या रुंदीचा एकच लांब फोटो काढतो. काहींत मोठी लेन्स जागच्या जागी स्थिर असते आणि एका दमात सगळं घेते. वकिलांचा तसा. काहींत लेन्स एका छोट्या ढोलात बसवलेली असते. ढोल फिरतो, माणसाने मान वळवत रस्ता बघावा तसा, आणि मागे कमानीत वाकवलेल्या फिल्मवर एका फटीतून चित्र उमटत जातं. मास्तरांचा असा होता, कारखान्यातून आलेला. उस्तादांचाही असाच, पण त्याचा स्क्रू न् स्क्रू घरचा.

ती घरी पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. उस्ताद टेबलासमोर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शाळेत शिक्षा झालेलं मूल बसतं तसे.

"मामंजी, तो कागद खोटा आहे."

"कागद कसा खोटा असेल, पोरी? फोटो आहेत ना." आवाज शांत होता. तोच तिला सहन होईना. "लेन्स चांगली होती. मी स्वतः तपासून घेतली होती. म्हणजे बसवणारा वाईट. हात गेले माझे."

"अहो, पण..."

"मास्तर उद्या चार वाजता कॅमेरा आणून देणार आहेत. आला की सोडवतो. लेन्स वकिलांना देऊन टाकू, त्यांना हवीच होती. ढोल भंगारात. आणि हे टेबलही आवरायचं."

ढोल एकदा सोडवला की पुन्हा जोडायला ब्याऐंशीव्या वर्षी कोण बसणार होतं? कॅमेऱ्याबरोबर उस्तादही सुटे होणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

फळीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला. "बाबा म्हणतायत तर ऐक की. वय झालंय त्यांचं."

तिने पायात चपला सरकवल्या. उद्या चारपर्यंत तिच्याकडे एक दिवस होता.

२

फिल्म धुऊन फोटो छापायचं काम हायपोकाकांचं. गेली चाळीस वर्षं ते त्याच एका काळोख्या खोलीत, त्याच एका आंबट वासात राहत होते. हायपो हे फोटो पक्का करायच्या रसायनाचं नाव. काकांचं खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच आठवत असेल.

"माझ्यावर संशय?" काकांनी चिमटा टबात आपटला. "तुझ्या लग्नाचे फोटो मी धुतलेत! माझा हात हलला म्हणतेस?"

"म्हणत नाही, विचारतेय."

"एकच झालं."

"नाही झालं. फोटो दाखवा आधी, मग रुसा."

काकांनी लांब पट्टी तिच्यासमोर ठेवली, आणि रुसवा चालूच आहे हे कळावं म्हणून तोंड भिंतीकडे केलं. तिने भिंग टेकवलं. गोदामाची भिंत, बेचाळीस खिडक्या, वर गच्चीचा लोखंडी कठडा. वरवर बघता सगळं पुसट. पण चित्राखालचे फिल्मचे कण मात्र मोहरी सांडल्यासारखे वेगवेगळे, टोकदार.

"काका, तोंड इकडे करा. छापताना हात हलला असता, तर कणही पुसट झाले असते. कण स्वच्छ आहेत. तुम्ही सुटलात."

"उपकार झाले," काका म्हणाले, पण वळले.

"आता निगेटिव्ह."

दुधी काचेखालचा दिवा लागला. तिने पट्टी काचेवर पसरली आणि एका टोकापासून सुरुवात केली. गच्चीचा कठडा आडवा गेला होता. खिडक्यांच्या चौकटींच्या वरच्या-खालच्या पट्ट्या, भिंतीवरची सिमेंटची आडवी रेघ. ती थांबली. पुन्हा मागे गेली. मग भिंग काकांच्या हातात दिलं.

"कठड्याच्या आडव्या सळ्या बघा."

"जराशा मऊ. पण चांगल्या आहेत की."

"आता उभ्या बघा."

काका बराच वेळ वाकून राहिले. उभ्या सळ्या, खांब, चौकटींच्या उभ्या कडा, सगळ्या बाजूला ओढल्या गेल्या होत्या, ओल्या शाईवरून बाही फिरल्यासारख्या. सगळा निकाल लागला होता तो या उभ्या रेघा बघून. आडव्यांकडे कुणी वळून पाहिलंच नव्हतं.

"हे कसं काय गं?"

"लेन्सला उभं-आडवं कळत नाही, काका. लेन्स वाईट असती तर दोन्ही सारख्याच बिघडल्या असत्या." तिचा आवाज चढत चालला होता. "लेन्समध्ये काहीही खोट नाही. फोटो काढताना चित्र फिल्मवरून सरकत होतं. कुणीतरी ते सरकायला लावलंय."

३

मास्तर निवृत्त झाले तरी त्यांच्यातला मास्तर निवृत्त झाला नव्हता. क्लबच्या खोलीत ते खुर्चीवर बसत आणि समोरच्याला आपोआप उभं राहावंसं वाटे. सूनबाई मुद्दाम बसली.

"शेरा तुम्ही लिहिलात?"

"मीच. परीक्षक मी."

"आडव्या रेघा बघितल्या होत्या?"

मास्तर खाकरले. "बाई, त्या दिवशी क्लबच्या गच्चीवर वारा होता. त्याने हललं असेल. पण वाऱ्यात हलतो तो कॅमेरा कच्चाच म्हणायचा."

"ढोल या टोकाहून त्या टोकाला जायला दोन सेकंद घेतो. मधेच वाऱ्याची झुळूक आली तर त्या क्षणी फट जिथे असेल तेवढाच तुकडा हलेल. इथे पहिल्या खिडकीपासून बेचाळिसाव्या खिडकीपर्यंत फरफट अगदी एका मापाची आहे. एवढा शिस्तीचा वारा तुम्ही कधी पाहिलाय, मास्तर? मी नाही बाई पाहिला."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, कपाट उघडून कॅमेरा टेबलावर ठेवला. "हे पाहा सील. लेन्सच्या कड्यावरचा लाल ठिपका शाबूत आहे. कुणी उघडलेलाच नाही. आणि स्पष्टच बोलतो, महिन्यापूर्वी आत सफाई करून बंद कुणी केला होता? तुम्हीच ना? चूक झाली असेल तर तुमची."

खरंच की. लेन्स पुसली होती तिने, ती धरून ठेवणारं कडं आवळलं होतं तिने, आणि कडं हलू नये म्हणून लाखेचा ठिपका दिला होता तोही तिनेच. आपलंच काही राहिलं असेल तर? मामंजी घरी हात दाबून बसलेत ते आपल्या चुकीपायी?

मग तिने कॅमेरा डोळ्यांजवळ घेतला. ठिपका लाल होता. जागाही तीच. पण फार तुकतुकीत दिसत होता, नव्या नवरीसारखा.

"स्पिरिट आहे का इथे?"

"लेन्स पुसायचं आहे. का?"

तिने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि ठिपक्यावर धरला. तीस आकडे मोजले. कापूस पांढराच्या पांढरा.

"मास्तर, मी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लावते. तिला पुन्हा स्पिरिट लागलं की ती सुटते, रंग कापसावर येतो. उस्तादांनी शिकवलेली हीच एक रीत आमच्याकडे आहे." तिने पांढरा कापूस त्यांच्या नाकासमोर धरला. "हा ठिपका माझा नाही. माझा खरवडून कुणीतरी आपला लावलाय."

मास्तर खुर्चीत बसले. या खेपेला तेच विद्यार्थ्यासारखे दिसत होते.

"कॅमेरा कुणाकुणाच्या हातात होता?"

"रविवारी सकाळी तुमच्याकडून आला. अर्धा तास गच्चीवर तयारी झाली. मी खाली चाचणीचा तक्ता भरत होतो. चाचणी झाल्यावर कपाटात गेला."

"आणि तो अर्धा तास गच्चीवर कोण होतं?"

मास्तर चाचरले. "वकीलसाहेब. एकटेच."

४

वकीलसाहेबांच्या कचेरीत फायलींचे ढीग आणि त्यांच्या डोक्यावर त्यांचेच पॅनोरमा फोटो, सोनेरी चौकटीत. सगळ्या फोटोंचा मधला भाग झगझगीत आणि दोन्ही टोकांना संध्याकाळ.

"या या, सूनबाई! लेन्स द्यायला आलात वाटतं?"

"लाज नाही वाटत?" ती उभ्यानेच म्हणाली.

वकिलांचं हसू अर्ध्यावर थांबलं. अशिलं रडत, ओरडत, पण हे विचारत नसत.

"रविवारी गच्चीवर अर्धा तास तुम्ही एकटे होतात. उस्तादांच्या कॅमेऱ्याची लेन्स उघडलीत का?"

"आरोप सिद्ध करायला पुरावा लागतो."

"मी न्यायाधीश नाही, मी सून आहे. मला पुरावा नंतर लागतो, राग आधी येतो. बोला."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "उघडायला गेलो होतो. हो."

तिने पदर कमरेला खोचला.

"पण रविवारी नाही. दोन वर्षांपूर्वी, क्लबच्या प्रदर्शनात. आत काय जादू आहे बघायची होती. टोकदार चिमटा कड्याच्या खाचेत घातला आणि जोर केला. कडं ढिम्म. चिमटा सटकला आणि कड्यावर हा एवढा ओरखडा! तुमच्या सासऱ्यांनी मला पोरासारखं झापलं, मग आठवडाभर घासून तो ओरखडा काढला. पुन्हा हात लावायची माझी हिंमत आहे का?"

"आणि जिंकायची हौस?"

"जिंकायचं असतं तर मी माझ्या कडा आधी झाकल्या असत्या." त्यांनी मान वर करून सोनेरी चौकटींकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखे बोलले. "पंधरा वर्षं बघतोय. रुंद लेन्स, मधे राजा, कडेला भिकारी. तुमच्या म्हाताऱ्याच्या फोटोत शेवटच्या खिडकीतला माणूसही पहिल्या खिडकीतल्या माणसाइतकाच स्वच्छ असतो. म्हणून तर मला ती लेन्स हवी. मोडायला नव्हे, बाई."

ती दारापर्यंत गेली तेव्हा ते मागून म्हणाले, "एक सांगा. ते कडं फिरतं तरी कुठल्या बाजूला? दोन वर्षं मला झोप नाही."

सूनबाई जागच्या जागी थबकली. मग जिना उतरली. ते कडं उघडता येणारी माणसं ती बोटांवर मोजत होती.

५

सकाळी नऊला ती क्लबमध्ये हजर होती. उस्तादांनी घडवलेली दोन दातांची किल्ली सोबत होती. मास्तर आणि हायपोकाका टेबलाशी उभे राहिले.

आधी तिने कडं भिंगाखाली धरलं. पूर्ण गोल फिरवून पाहिलं. एकही ओरखडा नाही.

"किल्ली लावू?" मास्तरांनी किल्ली हातात घेतली, कड्याच्या खाचांत बसवली आणि डावीकडे जोर केला. जगातलं प्रत्येक झाकण त्याच बाजूला उघडतं.

"थांबा, मास्तर! घसराल." तिने किल्ली काढून घेतली आणि उजवीकडे वळवली. लाल ठिपका कटकन तडकला आणि कडं सुटलं.

"उलटे आटे?" मास्तर चकित झाले.

"ढोल सुटताना हिसका बसतो. साधे आटे असते तर त्या हिसक्याने कडं सैल पडत गेलं असतं. म्हणून मामंजींनी ते उलटे पाडले. प्रत्येक हिसक्याला उलट आवळत जातं."

लेन्स बाहेर आली. तिने ढोलात बोट घातलं आणि डोळे मिटले. जिथे पितळी चकतीची कड लागायला हवी होती तिथे बोटाला सपाट तळ लागला.

"चकती नाही," ती म्हणाली. "पोस्टकार्डाच्या दुप्पट जाडीची पितळी चकती असते इथे. ती असली की लेन्स बरोबर आसावर फिरते आणि ढोल फिरला तरी फिल्मवरचं चित्र जागेवर उभं राहतं. ती काढली की चित्र सरकायला लागतं. आडवी रेघ स्वतःच्याच अंगावरून सरकते, तिला धक्का लागत नाही. उभी मात्र फरफटते. फोकस किंचित ढळतो, पण या लेन्सचं छिद्र इतकं बारीक आहे की ते खपून जातं."

"म्हणजे ज्याने काढली त्याला हे सगळं ठाऊक होतं," हायपोकाका म्हणाले.

"आणि कडं कुठल्या बाजूला फिरतं तेही ठाऊक होतं. अनोळखी माणूस आधी डावीकडेच जोर करतो. वकिलांनी केला, आत्ता मास्तरांनी केला. चिमटा असो नाहीतर किल्ली, ती सटकते आणि खूण राहते. इथे खूण नाही. पहिल्याच खेपेला उजवीकडे, तेही आमच्या किल्लीने."

तिने तडकलेल्या ठिपक्याची कपची चिमट्याने उचलली. कठीण, चकचकीत, स्पिरिटला दाद न देणारी. असं लाल रोगण तिने रोज पाहिलं होतं. चष्म्याच्या काडीचा इवलासा स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्यावर ते लावतात.

"ते आटे पाडले त्या दिवशी खोलीत तीन माणसं होती," ती हळू म्हणाली. "मामंजी हत्यार धरून होते. मी तेल सोडत होते."

"आणि तिसरा?" मास्तरांनी विचारलं.

तिने किल्ली पदराला पुसली. "तिसरा लेथचं चाक फिरवत होता. रविवारी सकाळी कॅमेरा इथे पोचवायलाही तोच आला होता. मी बहिणीकडे गेले होते."

हायपोकाकांनी दिवा मालवला, उगाचच.

६

दुकानात एक गिऱ्हाईक बाई आरशासमोर बसली होती. नवरा तिच्या नाकावर चौकट बसवत होता.

"ही जरा रागीट दिसते का हो?" बाई म्हणाली.

"रागीट बघायची असेल तर मागे वळा," सूनबाई म्हणाली.

बाईने मागे पाहिलं आणि 'मी उद्या येते' म्हणत पर्स उचलली.

दार लागलं. सूनबाईने लाल कपची काउंटरवरच्या काचेवर ठेवली, तिच्याशेजारी त्याच लाल रोगणाची बाटली.

नवऱ्याने दोन्हींकडे पाहिलं. नाकारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं, ओरडता आलं असतं. त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून पितळी चकती काढली आणि कपचीशेजारी ठेवली.

"फेकवली नाही," तो म्हणाला.

"का केलंत?"

"हळू बोल. बाबा आंघोळीला गेलेत, येतील एवढ्यात..."

"का केलंत?"

तो स्टुलावर बसला. "गेल्या महिन्यात तू बाजारात होतीस. मी मागे गेलो तर बाबा जमिनीवर रांगत होते. एक स्क्रू पडला होता. तासभर शोधत होते. स्क्रू त्यांच्या गुडघ्याशी होता, दिसत नव्हता. आणि सोल्डरिंगचा चटका बघितलास ना त्यांच्या अंगठ्यावर? उद्या ती तापलेली कांडी कपड्याला लागेल. मी थांबा म्हटलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी? मला वाटलं, कॅमेरा हरला की आपणच थांबतील. कुणी सांगायला नको."

"म्हणजे तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही त्यांना खोटं पाडलंत."

"काळजीपोटी केलं गं."

"काळजी!" तिने काउंटरवर हात आपटला. चौकटी थरथरल्या. "स्क्रू उचलून हातात दिला असतात तर ती काळजी झाली असती. चष्मेवाले आहात ना तुम्ही? अख्ख्या गावाचे डोळे तपासता. बापाला कधी त्या खुर्चीत बसवलंत? नाही. त्यांच्या सहा वर्षांच्या कामातून चिमूटभर पितळ चोरलंत, आणि मग फळीमागून मला म्हणालात, ऐक, वय झालंय त्यांचं. त्यांना डोळे गेल्याचं दुःख नव्हतं हो. तुम्ही त्यांचे हात काढून घेतलेत. कालपासून मांडीखाली दाबून बसलेत ते हात!"

नवऱ्याने तोंड झाकलं.

"आत्ता रडू नका. चार वाजता त्यांच्यासमोर उभं राहायचंय."

"तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

"मी कॅमेऱ्याचं सांगेन. माणसाचं तुम्ही सांगायचं."

तिने चकती उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि क्लबचा रस्ता धरला.

७

बारा वाजता सूनबाईने चकती जागेवर बसवली, आणि त्याच गच्चीवर, त्याच तिवईवर मास्तरांनी स्वतः बटण दाबलं. ढोल सर्रकन फिरला. हायपोकाकांनी पट्टी धुतली, वाळवली, दुधी काचेवर ठेवली, आणि वकीलसाहेबही, न बोलावता, येऊन रांगेत उभे राहिले.

मास्तरांनी भिंग लावलं. पहिली खिडकी. एकविसावी. बेचाळिसावी. शेवटच्या खिडकीच्या गजावर एक कावळा बसला होता आणि त्याची चोच मोजून घ्यावी इतकी रेखीव होती. मास्तर परत पहिल्या खिडकीवर गेले, मग आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्याची पट्टी शेजारी ठेवून पाहिली, मग वकिलांची.

"कडेला दोघांच्याही पुढे," ते म्हणाले. "मध्यभागी वकिलांच्या तोडीस तोड." त्यांनी फळ्यावरचा कागद काढला. "मी आडव्या रेघा बघायला हव्या होत्या."

"हव्या होत्या," सूनबाई म्हणाली. सोडून देण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती.

चार वाजता सगळे दुकानात पोचले. उस्तादांनी टेबलावर स्वच्छ फडकं अंथरून ठेवलं होतं, आणि त्यावर सुटे भाग ठेवायला सात वाट्या. सोल्डरिंगची कांडी तापत होती.

"आणलात? द्या इकडे."

"आधी ऐकायचं, मामंजी," ती म्हणाली, आणि उभ्या-आडव्या रेघांपासून चकतीपर्यंत सगळं सांगितलं. कुणाचंही नाव न घेता. उस्ताद ऐकता ऐकता ताठ होत गेले. त्यांचे हात मांडीखालून कधी बाहेर आले ते त्यांनाही कळलं नाही.

"म्हणजे मी बरोबर बसवली होती."

"केसाचाही फरक नाही."

"मग चकती काढली कुणी?"

फळीजवळ नवरा उभा होता. कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे उस्तादांनी बघितलं.

"मी, बाबा." मग तो स्क्रूचं बोलला, रांगण्याचं बोलला, चटक्याचं बोलला. एकही वाक्य पुरं झालं नाही.

उस्तादांनी कांडीचं बटण बंद केलं.

"त्या दिवशी तू दारात उभा होतास?"

"हो."

"किती वेळ?"

"...बराच."

"आणि आत आला नाहीस."

नवऱ्याने मान खाली घातली.

"मला वाटायचं, हे कुणाला कळू नये," उस्ताद म्हणाले. "तुला कळलं होतं, आणि तू मला जगासमोर नालायक ठरवलंस. मला एवढं विचारलं असतंस, बाबा दिसतं का, तर मी नाही म्हटलं असतं. एका शब्दाचं काम होतं रे. मी कुणीतरी विचारायची वाट बघत होतो." त्यांनी टेबलावर तळहात आपटला. "उद्या क्लबमध्ये जायचंस. पंचवीस माणसांपुढे उभं राहून हेच सांगायचंस."

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"कालपासून लोक माझ्याबद्दल म्हणतायत. आता तुझ्याबद्दल म्हणू देत."

मास्तर काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. वकिलांनी त्यांचा कोपर दाबला.

उस्तादांनी हाताने चाचपून सात वाट्या एकात एक ठेवल्या आणि बाजूला सारल्या. "पोरी, उद्यापासून सोल्डरिंग तू करायचं. बारीक स्क्रूही तूच. लेन्स मी बसवणार. तिला डोळे लागत नाहीत, बोट लागतं. आणि सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. तू ने. त्याला नाही."

ज्यासाठी नवऱ्याने एवढा घोळ घातला होता ते सगळं म्हाताऱ्याने अर्ध्या मिनिटात, आपल्या तोंडाने, आपल्या अटींवर देऊन टाकलं. नवऱ्याला ते कळलं. तो फळीला टेकला आणि तसाच खाली बसला.

सूनबाईने त्याला पाणी दिलं. पेला हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला, आणि कामाच्या टेबलाशी जाऊन सासऱ्यांच्या शेजारचं स्टूल पुढे ओढलं.